शर्यतीची वही व तींतील नांवें

घोड्यांच्या शर्यतींवर वाङ्मयीन मासिकांत लिहावयाचें म्हटलें कीं प्रथम वाचकांची क्षमा मागितली पाहिजे. रेस म्हणजे जुगार, जुगार म्हणजे कर्ज, आणि कर्ज म्हणजे चांगल्या घराची धूळधाण, ही आमच्या समाजांतील समजूत निराधार आहे असें कोण म्हणेल? आम्हीं स्वतः कधीं पैज लावलेली नाहीं, व कोणी ती लावावी असें सांगण्यासाठीं हा लेखही लिहीत नाहीं. परंतु जेथें पैसा, कीर्ति आणि चुरस हीं तिन्ही एकत्र येतात, तेथें नोंदी काटेकोर ठेवाव्या लागतात. आणि जेथें काटेकोर नोंदी असतात, तेथें इतिहासाच्या अभ्यासकाचीं पावलें आपोआप वळतात. ऑस्ट्रेलियांतील शर्यतींच्या नोंदी या दृष्टीनें आम्हांस फार बोधप्रद वाटल्या. दीडशेंहून अधिक वर्षांची ती एक अखंड वहीच आहे. तिच्या प्रत्येक ओळींत चार रकाने असतात: घोडा, त्याचा मालक, त्यास तयार करणारा, आणि त्याच्यावर बसणारा. वरवर पाहतां याहून निःसंदिग्ध पुरावा तो कोणता? पण या नांवांच्या मागें थोडें जाऊन पाहिलें म्हणजे दिसून येतें कीं, कोठें नांव खोटें आहे, कोठें अपुरें आहे, आणि कोठें जें असावयास हवें होतें तें मुळींच नाहीं. या नांवांविषयींच आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

आधीं शब्दांचा उलगडा केलेला बरा. घोड्यास तयार करणारास इंग्रजींत ट्रेनर म्हणतात. आमच्या जुन्या पागांतून घोडा शिकवून तयार करणारास चाबुकस्वार म्हणत, तोच शब्द आम्ही येथें वापरतों. घोड्याची चंदी, सकाळची दौड, खुरांची व सांध्यांची काळजी, आणि कोणत्या शर्यतींत त्यास उतरवावयाचें याचा निर्णय, हें सर्व चाबुकस्वाराचें काम. शर्यतीच्या वेळीं पाठीवर बसतो तो जॉकी. या दोघांखेरीज एक तिसरा असतो. तो घोड्यास खरारा करतो, त्याच्याजवळ निजतो, आणि त्याचें दुखलेंखुपलें सर्वांआधीं ओळखतो. तो मोतद्दार होय. त्याच्यासाठीं वहींत रकानाच ठेवलेला नाहीं, ही गोष्ट वाचकांनीं आतांच ध्यानांत घ्यावी.

ऑस्ट्रेलिया हा मूळचा घोड्यांचा देश नव्हे. १७८८ सालीं इंग्रजांचा पहिला काफिला तेथें उतरला तेव्हां त्याबरोबर मोजकेच घोडे होते. पुढें बावीस वर्षांनीं, १८१० सालीं, सिडनीच्या हाइड पार्कमध्यें पलटणीच्या अंमलदारांनीं रीतसर शर्यती भरविल्या. १८५१ नंतर व्हिक्टोरिया प्रांतांत सोनें सांपडलें, मेलबोर्न शहर पाहतां पाहतां श्रीमंत झालें, आणि १८६१ सालीं त्या शहराच्या फ्लेमिंग्टन मैदानावर मेलबोर्न कप ही दोन मैलांची शर्यत प्रथम झाली. नोव्हेंबरचा पहिला मंगळवार हा पुढें तिचा दिवस ठरला, व त्या दिवशीं शहरांत सुटी असते. आमच्याकडे दसऱ्याचें जें स्थान, तें तेथें या दिवसाचें आहे असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

या शर्यतीचें मर्म वजनांत आहे. सर्व घोड्यांना सारखी संधि मिळावी म्हणून चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादतात व सामान्य घोड्यास हलकें सोडतात. १८९० सालीं कार्बाइन या घोड्यानें १० स्टोन ५ पौंड, म्हणजे सुमारें ६६ किलो ओझें पाठीवर घेऊन एकोणचाळीस घोड्यांच्या मैदानांत कप जिंकला. उलट कांहीं घोड्यांवर चाळीस किलोच वजन असे. जॉकी, खोगीर व इतर सामान मिळून चाळीस किलो! धडधाकट पुरुषास तें कसें साधावें? म्हणून जॉकी उपाशी राहत, अंगावर कपड्यांचे थर चढवून घाम गाळीत, व इतकें करूनही जमलें नाहीं तर ती जागा एखाद्या पोराच्या वांट्यास येई. वजनाचा हा नियम घोड्यासाठीं केलेला. त्याची शिक्षा मात्र माणसाला. पुढील हकीकती समजण्यास एवढी प्रस्तावना पुरे.

पहिल्या दोन्ही कपांत, म्हणजे १८६१ व १८६२ सालीं, आर्चर नांवाचा घोडा जिंकला. त्याचा चाबुकस्वार एटिएन द मेस्त्र. त्याचें ठाणें न्यू साउथ वेल्समधील शोलहेवन नदीकांठीं तेरारा येथें होतें. आर्चर तेथून मेलबोर्नपर्यंत, म्हणजे आठशें किलोमीटरांहून अधिक, पायीं चालत गेला आणि जातांच कप जिंकला, अशी कथा ऑस्ट्रेलियांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. कथा मोठी मनोहर, पण खरी नव्हे. त्या वेळच्या जहाजांच्या नोंदींवरून आर्चर सिडनीहून आगबोटीनें गेला हें सिद्ध झालेलें आहे. वहीच्या मालकाच्या रकान्यांत द मेस्त्रचेंच नांव आढळतें; परंतु घोडा त्याच्या मालकीचा नसून भाड्यानें घेतलेला होता. जॉकीच्या रकान्यांत जॉन कट्स असें नांव आहे. कट्स हा तेथील मूळ रहिवाशांपैकीं होता असें पुष्कळ दिवस मानलें जात होतें. पण संशोधकांना तो सिडनीच्या एका कारकुनाचा मुलगा आढळला, व त्याचें खरें आडनांव डिलन होतें. पहा, वहीची अगदीं पहिलीच ओळ. तिच्यांतील चारांपैकीं दोन रकाने तपासून घ्यावे लागतात, आणि तिच्याभोंवतीं जमलेली दंतकथा तर साफ पुसून टाकावी लागते!

तिसऱ्या वर्षींची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. १८६३ सालीं आर्चरवर ११ स्टोन ४ पौंड वजन ठेवण्यांत आलें. तें स्वीकारल्याची तार द मेस्त्रनें पाठविली. पण त्या दिवशीं मेलबोर्नला सार्वजनिक सुटी असल्यामुळें ती वेळेवर पोंचली नाहीं. कमिटीनें नियमावर बोट ठेवलें आणि आर्चरला शर्यतींतून वगळलें. या अन्यायाच्या निषेधार्थ परप्रांतीय मालकांनीं आपले घोडे काढून घेतले, व त्या वर्षीं अवघे सात घोडे धांवले. मेलबोर्न कपाच्या इतिहासांत इतकें लहान मैदान दुसरें नाहीं. द मेस्त्रनें पुढें १८६७, १८७७ व १८७८ सालीं आणखी तीन वेळां कप जिंकला, एकंदर पांच. पण अवर्षण, आजार व देणीं यांनीं तो खचला, आणि १९१६ सालीं वारला तेव्हां त्याचें वैभव केव्हांच ओसरलें होतें. त्याचा एक मुलगा रॉय द मेस्त्र हा चित्रकार म्हणून लंडनपर्यंत नांवाजला गेला. बापाचें नांव मात्र वहींत पांच ओळींपुरतें उरलें.

आतां १८७६ सालची ओळ पाहूं. घोडी ब्रायसीस, वय तीन वर्षें. चाबुकस्वार जेम्स विल्सन. जॉकी पीटर सेंट आल्बन्स. घोडीवरील वजन ६ स्टोन ४ पौंड, म्हणजे सुमारें चाळीस किलो. विल्सनचा नेहमींचा जॉकी टॉम हेल्स याला इतकें वजन गांठणें अशक्य होतें, म्हणून तबेल्यांतील एका पोराला घोडीवर बसविण्यांत आलें. पोराचें वय बारा वर्षें. तेरावा वाढदिवस कांहीं दिवसांवर आलेला. तेहतीस घोड्यांच्या गर्दींतून या पोरानें घोडी पुढें काढली. डर्बी, कप आणि ओक्स या तीन मोठ्या शर्यती ब्रायसीसनें एकाच आठवड्यांत जिंकल्या. आजही इतक्या लहान वयाचा दुसरा जॉकी मेलबोर्न कपाच्या यादींत नाहीं.

पण पीटर सेंट आल्बन्स हें नांव कोठलें? सेंट आल्बन्स हें जिलाँग शहराजवळील विल्सनच्या पागेचें नांव. मुलाचें खरें नांव मायकेल बाउडेन. ज्या तबेल्यांत तो राबला, त्या तबेल्याचेंच नांव आडनांव म्हणून त्याच्या अंगावर चढविलें गेलें. जणूं शिंगरावर पागेचा डाग द्यावा तसें. त्याच्या जन्मासंबंधीं नाना तऱ्हेचे तर्क लोकांनीं केले. कोणी त्यालाही मूळ रहिवाशांत गणलें. पुढें तो चाळिशीही न गांठतां वारला. ज्या मुलाच्या पराक्रमास वहीनें इतकें मोठें स्थान दिलें, त्याला स्वतःच्या आईबापांचें नांव मात्र तिनें दिलें नाहीं.

वरील दोन ओळींत निदान कोणाचें तरी नांव आहे. काम एकाचें आणि नांव दुसऱ्याचें असा प्रकार पाहावयाचा असेल तर फार लॅपकडे वळलें पाहिजे. ऑस्ट्रेलियांतील सामान्य माणसास आपल्या पंतप्रधानांचीं नांवें एक वेळ सांगतां येणार नाहींत, पण फार लॅप कोण हें तो झोपेंतही सांगेल. हा घोडा मूळचा न्यूझीलंडचा, जन्म १९२६. १९२८ सालीं तो विक्रीस आला. सिडनींत हॅरी टेलफर्ड नांवाचा एक चाबुकस्वार होता. खिसा रिकामा, पण घोड्यांच्या वंशावळ्या मुखोद्गत. या शिंगराच्या वंशावळींत कार्बाइनचें रक्त आहे हें त्यानें ताडलें, आणि डेव्हिड डेव्हिस या अमेरिकन व्यापाऱ्यास गळ घालून तें १६० गिनींना विकत घ्यावयास लावलें. शिंगरूं सिडनीस आलें तेव्हां तें इतकें बेढब होतें कीं डेव्हिस संतापला व त्याच्या शिक्षणाचा खर्च करण्यास त्यानें साफ नकार दिला. तेव्हां टेलफर्डनें तें तीन वर्षांच्या करारानें भाड्यानें घेतलें: खर्च सर्व टेलफर्डचा, आणि कमाईचा तिसरा हिस्सा डेव्हिसचा.

१९२९ च्या कपांत या घोड्यावर ७ स्टोन ६ पौंड वजन होतें. त्याचा जॉकी जिम पाइक याला तेवढें हलकें होणें शक्य नव्हतें. बॉबी लुइस, ज्यानें स्वतः चार वेळां कप जिंकला होता, तो त्या दिवशीं बसला. पण घोड्यास त्याचा हात मानवला नाहीं व तो तिसरा आला. १९३० सालीं मात्र वजन वाढून ९ स्टोन १२ पौंड झालें, आणि पाइक बसूं शकला. घोड्याचें ओझें वाढलें तेव्हांच जॉकीला पोटभर खावयास सवड मिळाली, असा हा न्याय! शर्यतीपूर्वीं तीन दिवस, १ नोव्हेंबर १९३० रोजीं, सकाळच्या फेरफटक्याच्या वेळीं मोटारींतून आलेल्या इसमांनीं फार लॅपवर गोळी झाडली. मोतद्दार टॉमी वुडकॉकनें आपलें तट्टू मध्यें घालून घोडा वांचविला. नंतर त्याला लपविण्यासाठीं नेलें तें जिलाँगजवळच्या सेंट आल्बन्स पागेंत. ज्या पागेनें मायकेल बाउडेनचें नांव गिळलें तीच ही. ४ नोव्हेंबरला फार लॅपनें सहज कप जिंकला. वहींत डेव्हिसचें नांव आहे, टेलफर्डचें आहे, पाइकचें आहे. घोड्याच्या आणि बंदुकीच्या मध्यें जो उभा राहिला त्याचें नांव नाहीं, कारण त्याच्यासाठीं रकानाच नव्हता.

पुढें डेव्हिसनें, टेलफर्डच्या मनाविरुद्ध, घोडा अमेरिकेकडे नेला. टेलफर्ड मागें राहिला. घोड्याबरोबर चाबुकस्वार म्हणून वुडकॉक गेला. २० मार्च १९३२ रोजीं मेक्सिकोंतील अगुवा काल्यान्ते येथील मोठी शर्यत फार लॅपनें जिंकली, आणि ५ एप्रिलला कॅलिफोर्नियांत तो एकाएकीं मेला. वुडकॉक त्या वेळीं त्याच्याजवळ होता. विषबाधेचा संशय तेव्हांपासून आहे. अलीकडे शास्त्रज्ञांनीं घोड्याच्या केसांत सोमलाचा अंश दाखविला, तरी तो कोणी घातला कीं त्या काळच्या औषधांतून गेला, हा वाद मिटलेला नाहीं. घोड्याचें कातडें मेलबोर्नला, हाडांचा सांगाडा न्यूझीलंडला आणि हृदय कॅनबेराला, अशी तीन ठिकाणीं वांटणी झाली आहे. टेलफर्डला तसा घोडा पुन्हां कधींच लाभला नाहीं.

वुडकॉकची कथा येथें संपत नाहीं, आणि आम्हांस ती या सर्व वहींतील अत्यंत हृदयस्पर्शी कथा वाटते. तो पुढें लहानसा चाबुकस्वार झाला व पंचेचाळीस वर्षें तसाच राहिला. १९७७ सालीं, सत्तरी उलटून गेल्यावर, त्याच्याजवळ रेकलेस नांवाचा घोडा होता. हा घोडा प्रथम वर्षानुवर्षें एकही शर्यत जिंकूं शकला नव्हता; त्यानें त्या एका वर्षांत सिडनी, अॅडिलेड व ब्रिस्बेन या तिन्ही शहरांचे कप जिंकले. आतां राहिला होता मेलबोर्नचा. ऑस्ट्रेलियांतील असंख्य लोकांची इच्छा त्या दिवशीं एकच होती. पण रेकलेस दुसरा आला. पहिला आला गोल्ड अँड ब्लॅक. त्याचा चाबुकस्वार बार्ट कमिंग्ज. तो कमिंग्जचा सहावा कप. द मेस्त्रचा पांच कपांचा विक्रम नव्व्याण्णव वर्षांनीं त्याच दिवशीं मोडला. वुडकॉक १९८५ सालीं वारला. विजेत्यांच्या यादींत, कपाच्या कोणत्याही ओळींत, त्याचें नांव नाहीं.

कमिंग्जविषयीं दोन शब्द लिहिणें न्यायाचें होईल, कारण तोही मूळचा मोतद्दारच. त्याचे वडील जिम कमिंग्ज यांचा कॉमिक कोर्ट हा घोडा १९५० सालीं कप जिंकला, तेव्हां घोड्याची चाकरी तरुण बार्टकडे होती. १९६५ पासून २००८ पर्यंत त्यानें एकंदर बारा वेळां कप जिंकला. त्याच्या जवळपासही दुसरा कोणी नाहीं. २०१५ सालीं तो वारला. मोतद्दाराच्या बादलीपासून निघून वहीच्या माथ्यावर पोंचतां येतें याचें हें उदाहरण आहे. परंतु वडिलांची पागा पाठीशीं असणें व नसणें यांतील अंतर वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.

येथवर ज्यांचीं नांवें राहिलीं ते निदान पुरुष तरी होते. १९३८ सालीं कप जिंकणाऱ्या कॅटलॉग घोड्याची तयारी न्यूझीलंडच्या श्रीमती मॅक्डोनल्ड या बाईंनीं केली होती. त्यांच्या देशांत त्यांस चाबुकस्वाराचा परवाना होता. पण व्हिक्टोरियांत बाईस परवाना देण्याचा रिवाज नव्हता. म्हणून घोडा बाईंचे पति अॅलन मॅक्डोनल्ड यांच्या नांवानें उतरविण्यांत आला, आणि वहींत अॅलन मॅक्डोनल्ड हेंच नांव आहे. घोडा जिंकून आला तेव्हां खरें काय तें मैदानावर अनेकांना ठाऊक होतें. वहीला तेवढें ठाऊक नव्हतें. कायद्यानें जें पाहावयाचें नाहीं असें ठरविलें तें कागदावर उमटत नाहीं, हा इतिहासाचा जुनाच अनुभव आहे.

पुढील पन्नास-साठ वर्षांत हा बांध हळूहळू फुटला. पण आपण होऊन नव्हे. सिडनीचा टॉमी स्मिथ हा खेड्यांतून रिकाम्या हातीं आलेला मनुष्य १९५२-५३ पासून सलग तेहतीस हंगाम त्या शहरांतील पहिल्या क्रमांकाचा चाबुकस्वार होता. त्याची मुलगी गाय वॉटरहाउस हिनें परवाना मागितला तेव्हां क्लबानें तो नाकारला. कारण तिच्या अंगच्या दोषाचें नव्हतें. तिच्या पतीवर एका गाजलेल्या घोडेबदलीच्या प्रकरणांत मैदानबंदी झालेली होती, हें कारण सांगण्यांत आलें. बाईंनीं न्यायासनापुढें झगडून १९९२ सालीं परवाना मिळविला, आणि २०१३ सालीं फिओरेन्टे घोड्याच्या ओळींत स्वतःच्या नांवानें कप नोंदविला. १९३८ सालीं पतीच्या नांवानें पत्नीचें काम झांकलें गेलें. १९८९ सालीं पतीच्या दोषानें पत्नीचें काम अडविलें गेलें. दोन्ही प्रकारांत गृहीत एकच, कीं बाईचें नांव स्वतंत्र नसतें.

दरम्यान २००१ सालीं शीला लॅक्सन या बाईंनीं इथीरियल घोडीच्या जयानें वहींत चाबुकस्वार म्हणून स्त्रीचें पहिलें अधिकृत नांव लिहविलें होतें. त्याच बाई २०२४ सालीं पुन्हां जिंकल्या. त्या वर्षींच्या रकान्यांत लॅक्सन व त्यांचे जोडीदार जॉन सायमन्स अशीं दोन्ही नांवें शेजारीं शेजारीं आहेत. श्रीमती मॅक्डोनल्ड यांची ओळ व ही ओळ एकाखालीं एक ठेवून वाचावी, म्हणजे शहाऐंशीं वर्षांत काय बदललें तें एका दृष्टिक्षेपांत कळतें.

जॉकीच्या रकान्यांत स्त्रीचें नांव येण्यास २०१५ साल उजाडावें लागलें. मिशेल पेन ही दहा भावंडांत धाकटी. आई ती तान्ही असतांनाच मोटार अपघातांत गेली. स्वतः तिनें पडून डोक्याची कवटी फोडून घेतली होती. प्रिन्स ऑफ पेन्झन्स या घोड्याचा भाव त्या दिवशीं शंभरास एक होता. तिच्या भावास जन्मतः डाउन सिंड्रोम आहे. तो त्या घोड्याचा मोतद्दार होता. बहीण पाठीवर आणि भाऊ लगामाजवळ, असा तो जय झाला. त्याच ओळींतील चाबुकस्वार डॅरन वेअर याच्यावर पुढें २०१९ सालीं घोड्यांना विजेचा झटका देण्याचीं साधनें बाळगल्याबद्दल चार वर्षांची बंदी आली. वहींतील ओळ मात्र बदललेली नाहीं. वही जय नोंदविते. चारित्र्य नोंदविणें तिचें काम नव्हे.

आणखी एक नांव लिहिल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. १९७३ सालीं गाला सुप्रीम घोड्यावर फ्रँक रेस जिंकला. त्याचा जन्म क्वीन्सलंडच्या उत्तरेस केर्न्सजवळचा. वडिलांकडून फिलिपिनो, आईकडून मूळ रहिवाशांपैकीं जिरबाल जमातीचा. कपापूर्वीं कित्येक वेळां पडून त्याचीं हाडें मोडलीं होतीं, आणि प्रत्येक वेळीं तो पुन्हां खोगिरावर चढला होता. परंतु मूळ रहिवाशी म्हणून ओळख सांगणें त्या काळीं परवडणारें नव्हतें. लोकांपुढें तो स्वतःला फिलिपिनोच म्हणवीत असे. आज ऑस्ट्रेलिया त्याला मूळ रहिवाशांपैकीं पहिला कपविजेता म्हणून गौरविते. कट्स व सेंट आल्बन्स यांना जें लोकांनीं नसतांना चिकटविलें, तें ज्याच्या अंगीं खरोखर होतें त्याला लपवून ठेवावें लागलें. दंतकथा आणि सत्य यांचा असा उफराटा व्यवहार आम्हांस अन्यत्र फारसा आढळला नाहीं.

हें सर्व दूरदेशींचें आहे असें वाचकांनीं मात्र समजूं नये. आमच्या घोडदळांत एके काळीं सर्रास दिसणारे वेलर घोडे न्यू साउथ वेल्सचे, व त्यावरूनच त्यांना वेलर म्हणत. मुंबईचें महालक्ष्मीचें मैदान मेलबोर्नच्या कॉलफील्ड मैदानाच्या धर्तीवर आंखलें असें सांगतात. माणसांचा संबंध तर याहून जवळचा आहे. सिडनीचा एडगर ब्रिट हा जॉकी १९३० नंतरच्या दशकांत हिंदुस्थानांत येऊन संस्थानिकांचे घोडे हांकूं लागला, व १९४५ सालीं बडोद्याच्या गायकवाडांचा जॉकी म्हणून इंग्लंडला गेला. महाराज प्रतापसिंहराव यांनीं २८,००० गिनी देऊन एक शिंगरूं घेतलें होतें, आणि त्यास आपल्या आजोबांचें नांव दिलें होतें: सयाजीराव. १९४७ च्या सप्टेंबरांत, म्हणजे हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यावर महिनाभरानें, डॉन्कास्टरच्या मैदानावर सेंट लेजर ही इंग्लंडांतील सर्वांत जुनी मोठी शर्यत सयाजीरावानें जिंकली. पाठीवर एडगर ब्रिट होता. इंग्रजी वहींत एक मराठी राजनांव घोड्याच्या रकान्यांत, एक मालकाच्या, आणि त्यांच्या शेजारीं एक ऑस्ट्रेलियन नांव, अशी ती ओळ आहे. थोड्याच काळांत संस्थान गेलें. ब्रिट मात्र १०३ वर्षें जगून २०१७ सालीं वारला. त्या घोड्यास बडोद्याहून इंग्लंडपर्यंत ज्यांनीं पैसा पुरविला, त्या रयतेचा रकाना अर्थातच कोठेंही नाहीं.

शर्यतीच्या वहीला खोटें ठरविण्याचा आमचा हेतु नाहीं. तिनें वेळ, वजन व क्रम हीं सचोटीनें लिहून ठेवलीं, म्हणून तर इतर गोष्टींची चौकशी शक्य झाली. आर्चर आगबोटीनें गेला हें नोंदींवरूनच कळलें. केवळ आठवणींवर विसंबतों तर तो आजही पायींच चालत असता. आमचें म्हणणें इतकेंच, कीं नोंद म्हणजे इतिहासाचा शेवट नव्हे, आरंभ आहे. रकाने आंखणाऱ्यास जें दिसतें तेवढेंच रकान्यांत येतें. आमच्या बखरींतून घोड्यांचे रंग आहेत, सरदारांचे शिरपाव आहेत. रात्रभर घोड्याजवळ जागणाऱ्या मोतद्दाराचें नांव शोधूं जावें तर पानेंच्या पानें उलटावीं लागतात. परक्या देशाची ही वही वाचतांना आम्हांस वारंवार तीच आठवण झाली.

कॉलफील्डच्या मैदानावर शर्यतींत पडून मेलेल्या जॉकींचें एक स्मारक आहे. त्यांत आठशेंहून अधिक नांवें आहेत, व त्यांतील पुष्कळ मुलगे विशीच्या आंतले होते. यांपैकीं बहुतेकांच्या वांट्यास मोठ्या शर्यतीची एकही ओळ आलेली नाहीं. जिंकणाऱ्यांसाठीं चार रकाने आंखणाऱ्या समाजानें उशिरा कां होईना, पडलेल्यांसाठीं हा एक निराळा दगड उभा केला, ही गोष्ट आम्हांस त्या देशाच्या कोणत्याही जयापेक्षां मोठी वाटते. आमच्याकडे असा दगड कोठें कोठें उभा करावा लागेल, याचा विचार वाचकांवर सोंपवून आम्ही येथें थांबतों.